विसण किती घालू

काळजी करायला मला कारण लागत नाही. कॅनडातल्या लेकीने फोन उचलला नाही, एवढ्यावर मी तिला हॉस्पिटलात पोचवते आणि ती बिचारी तिकडे धुणं वाळत घालत असते. घरात यावरून माझी यथेच्छ थट्टा चालते. त्यामुळे एका रविवारी जेवता जेवता आमच्या यांनी जाहीर केलं की आपण घरी हॉट टब घ्यायचा, आणि माझ्या छातीत धस्स झालं, तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही. म्हटलं, झालं आपलं सुरू.

हे म्हणजे माझे यजमान. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात इंजिनियर होते. सगळी नोकरी तापलेल्या लोखंडाच्या शेजारी उभं राहून केली. लोखंडाच्या रंगावरून ते किती तापलंय हे सांगायचे आणि ते बरोबर निघायचं, असं यांचे जुने सोबती अजून सांगतात. घरीही तेच. तव्यावर बोट टेकवून ‘आता टाक पोळी’ म्हणणारा दुसरा नवरा माझ्या पाहण्यात नाही. ‘माझ्या हाताला थर्मामीटर लागत नाही’ हे वाक्य मी लग्नाच्या आठवड्यापासून ऐकत आलेय.

यांचं लहानपण घडियाळी पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या एका दाटीच्या गल्लीत गेलं. तिथे न्हाणीघरात तांब्याचा बंब होता आणि त्यात लाकडं सारायचं काम यांच्याकडे असायचं. बंबाचं पाणी म्हणजे पाणी, बाकी सगळं सरबत, अशी यांची समजूत तेव्हापासून झालेली. मी पडले कोमट पाण्याची बाई. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करायचं, त्याला आपण विसण घालणं म्हणतो. आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्या विसणावरून झाली. मी बादलीत एक तांब्या गार पाणी ओतलं की आतून आवाज यायचा, “पुरे झालं विसण. अंघोळ करायचीय, पोहायचं नाहीय.”

निवृत्तीनंतर यांचे पाय दुखायला लागले. आधी नुसत्या पोटऱ्या दुखायच्या, मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या, मग झोपताना आग. साखर आहे, बऱ्याच वर्षांपासूनची, गोळ्या नेमाने घेतात. पण पायांचा आणि साखरेचा संबंध लावायला हे तयार नव्हते. जन्मभर सिमेंटच्या फरशीवर उभा राहिलोय, त्याचं बक्षीस आहे हे, असं म्हणायचे. रोज संध्याकाळी मी बादलीत गीझरचं पाणी घ्यायची, त्यात मूठभर मीठ टाकायची आणि बादली यांच्या पुढ्यात ठेवायची. हे त्यात पाय सोडून बातम्या बघत बसायचे. तेवढ्यापुरता चेहरा जरा सैल व्हायचा.

टबाचं खूळ शिरलं ते लेकीकडे. तिच्या घरामागे अंगणात टब होता. चहूकडे बर्फ आणि मध्ये वाफा. हे जावयाची चड्डी घालून त्यात उतरले ते जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आले नाहीत. मलाही बोलवत होते. म्हटलं, जावयासमोर ओल्या अंगाने? शहाणपणा नको. मी काचेच्या दारामागे शाल पांघरून उभी राहिले आणि यांना चक्कर आली तर कोणाला हाक मारायची याचा विचार करत बसले. चक्कर काही आली नाही. बाहेर आले, टॉवेल गुंडाळून माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “किती दिवसांनी पाय माझे वाटले गं.”

हा माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलत नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. पुढे टबावरून मी जेवढी म्हणून कटकट केली, ती त्या वाक्याला वळसा घालून केली. टब नको असं मला म्हणताच येईना. यांना त्यांचे पाय परत मिळणार असतील तर मी कोण नको म्हणणारी.

कटकट मात्र मनसोक्त केली. पहिल्यांदा मी सुचवलं की लहरीपुऱ्याच्या बाजारात प्लॅस्टिकचे चांगले मोठे टब मिळतात, लग्नाच्या घरी भाज्या धुवायला नेतात तसले, त्यातला एक आणू. हे म्हणाले, मी काय म्हैस आहे? म्हटलं, पाण्यात बसायची हौस तुम्हाला, म्हशीने काय पाप केलंय. त्यावर आमचं बोलणं दुपारच्या चहापर्यंत बंद होतं.

मग जागेचा प्रश्न. आमचं टेनामेंट, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या बैठ्या घरांच्या रांगेतलं एक, पुढे पोर्च, मागे फरसबंदी चौक. टब गच्चीवर ठेवायचा म्हटलं तर पाण्यासकट त्याचं वजन केवढं. मला रोज डोळ्यांपुढे दिसायचं की हे पाण्यासकट खाली देवघरात येताहेत. चौकात ठेवायचा म्हटलं तर विश्वामित्री नदीचं पाणी. मागच्या पुरात ते आमच्या पायरीला लागून गेलं होतं आणि पलीकडच्या सोसायटीत पार्किंगमध्ये मगर निघाली होती. मी म्हटलं, छान, मगरीला तयार घर, वर गरम पाणी. हे हसले नाहीत. मेजरिंग टेप घेऊन चौकात गेले आणि भिंतीवरच्या पुराच्या डागापासून मापं घ्यायला लागले. त्या डागाच्या वर ओटा बांधायचा आणि त्यावर टब बसवायचा, असं यांचं ठरलं. शेजारच्या काकींनी कुंपणावरून विचारलं, “तमारे त्यां स्विमिंग पूल आवे छे?” मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

नंतर विजेची काळजी. पाण्यात बसायचं आणि त्या पाण्याला वीज जोडलेली, हे माझ्या डोक्याला पटेच ना. मी शाळेत विज्ञान शिकवलं, पाण्यातून वीज कशी वाहते याचा प्रयोग बल्ब लावून वर्षानुवर्षं दाखवला. यांनी मला अर्थिंग समजावलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तुमचं अर्थिंग तुमच्यापाशी.

याच हिवाळ्यात आमच्या घरातल्या वस्तू एकेक करून बिघडायला लागल्या. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. सुरुवात गीझरपासून झाली. संध्याकाळची बादली पुढ्यात ठेवली की हे म्हणायचे, पाणी गार आहे. मी म्हणायची, अहो वाफ निघतेय. हे म्हणायचे, वाफेचं काय सांगतेस, तुला कोमटच कढत वाटतं. ते खरंच होतं, त्यामुळे मी गप्प बसायची. विसण घालणं आधी कमी केलं, मग बंदच केलं. तरी गारच. प्लंबर आला, त्याने आतली कॉइल बदलली. तरी यांचं समाधान होईना, तेव्हा नवा गीझर बसवला. नवा गीझरही यांच्या मते आळशीच निघाला.

मग चपला. यांची चप्पल चालता चालता पायातून निघून जायची आणि हे तसेच पुढे जायचे. मी मागून उचलून आणायची आणि टोमणा मारायची की मी तुमची चप्पल सांभाळायला आले का लग्न करून. हे म्हणायचे, पट्टा सैल झालाय, हल्ली माल चांगला येत नाही. लहरीपुऱ्याला जाऊन नवी घेतली, ती निघायला लागली म्हणून पुन्हा दुसरी. त्या दुसरीने चवड्याला फोड आला, तोही मलाच दिसला, यांना पत्ता नव्हता. मी मलम लावलं आणि दुकानदाराला नावं ठेवली. गाडीचंही तसंच. ब्रेक मऊ झालाय म्हणून गॅरेजला दोनदा नेली, मेकॅनिकला काही सापडलं नाही, तर यांनी गॅरेज बदललं.

हे आमचं घर असं आहे. बिघडलं की उघडून बघायचं, नाही जमलं तर बदलायचं. वस्तूच्या पलीकडे बघायची आम्हा दोघांना सवय नाही.

टब बघायला आम्ही गेलो ती फेब्रुवारीतली सकाळ होती. हायवेच्या बाजूला बाथरूमच्या सामानाचं मोठं शोरूम आहे, तिथे पाणी भरून चालू ठेवलेला टब बघायला मिळतो, असं यांना कळलं होतं. हे गाडी चालवत होते. वाटेत एका सिग्नलला यांनी ब्रेक इतका जोरात दाबला की माझी पर्स पायाशी पडली. मी देवाचं नाव घेतलं, यांनी गॅरेजवाल्याचं.

शोरूममध्ये टबांची रांगच होती. हे खूश. झाकण उचलून बघ, खालून पंप बघ, सेल्समनला प्रश्न विचारून भंडावून सोड. सेल्समन आमच्या लेकीपेक्षा जरा मोठा असेल, गोड बोलणारा, मला बेन, यांना साहेब. मी सगळ्या टबांच्या कडा बघत फिरले, पाय घसरला तर डोकं कुठे आपटेल हे बघत. मग त्याने आम्हाला आतल्या चालू टबापाशी नेलं. निळसर पाणी बुडबुडत होतं. साहेब, पाय सोडून तर बघा, म्हणाला.

यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोजे काढून नीट बुटात ठेवले आणि काठावर बसून दोन्ही पाय आत सोडले. मी यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो कॅनडातला चेहरा येईल, याची वाट बघत होते.

हे म्हणाले, हीटर चालू नाही वाटतं.

सेल्समनने आकडा दाखवला. चाळीस. यापेक्षा वर मशीन जाऊ देत नाही, म्हणाला. यांनी मान हलवली. आकडा चुकीचा आहे, पाणी पार गार आहे, तुमचा सेन्सर गेलाय. तो बिचारा गोंधळला, पॅनेलवर दाबादाबी करायला लागला. यांचा आवाज चढला. सगळ्या आयुष्यात हेच केलंय, मला तापमान शिकवू नका, वगैरे. आजूबाजूची दोन-तीन गिऱ्हाइकं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांची बाजू घ्यावी म्हणून मी पदर खोचला, वाकले आणि पाण्यात हात घातला.

पाणी गरम होतं. चांगलं गरम, माझ्यासारखीला तर हात मागे घ्यावासा वाटेल असं. आणि त्यात यांचे पाय, लालबुंद झालेले.

माझ्या तोंडाकडे बघून हे बोलता बोलता थांबले. मग वाकले आणि स्वतःचा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. बाहेर काढला. परत घातला. घरात दोन थर्मामीटर वेगवेगळे आकडे दाखवायला लागले की हे असंच करतात, आधी एक बघायचं, मग दुसरं, मग परत पहिलं. शेवटी हात तसाच पाण्यात ठेवून हे बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. सेल्समनने नॅपकिन पुढे केला. यांनी पाय न पुसता तसेच मोजे चढवले, त्याला सॉरी म्हणाले आणि बाहेर पडले.

मला तेव्हा एकामागून एक सगळं आठवायला लागलं, गीझर, चपला, चवड्यावरचा फोड, बिनविसणाच्या कढत बादल्या. बाहेर ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती. गाडीपाशी पोचलो तर हे ड्रायव्हरच्या दाराशी उभे होते, पण दार उघडत नव्हते. किल्ली माझ्यापुढे धरली.

“तू चालव,” म्हणाले.

मी गाडी शिकलेली आहे, पण यांच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे तोंडी परीक्षा असते. गिअर टाक, आरसा बघ, इतकी चिकटून नको जाऊस. त्या दिवशी हायवेवर ट्रकांच्या मधून मी गाडी आणली, दोनदा बंद पाडली, आणि हे एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. घराच्या गल्लीत वळताना फक्त म्हणाले, “चप्पल जुनी झाली म्हणून निघते, असंच वाटत होतं मला.”

डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. त्यांनी यांना उताणं झोपवलं, डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात पेनाएवढी दांडी होती, तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर दोरा. जिथे लागेल तिथे ‘हो’ म्हणायचं, असं सांगून त्यांनी तो आधी मनगटाला टेकवून दाखवला. हे लगेच ‘हो’ म्हणाले. मग तो दोरा अंगठ्याला टेकवला. हे गप्प. चवड्याला टेकवला, करंगळीच्या बुंध्याला टेकवला, दोरा वाकेपर्यंत. हे गप्प. मी खुर्चीच्या कडेवर बसून मनातल्या मनात यांच्या वतीने ‘हो’ म्हणत होते. मग बाई दोरा बाजूला ठेवून काहीतरी लिहायला वळल्या, पायाला काहीच लागत नव्हतं, आणि नेमके तेव्हा हे ठणठणीत आवाजात म्हणाले, “हो.”

मी वर्गात पुष्कळ मुलं बघितली. उत्तर येत नसताना हात वर करणारं मूल मला लांबून ओळखू येतं. मी जमिनीकडे बघत राहिले. बाईंनी सगळं समजावून सांगितलं, साखरेने पायाच्या नसा गेल्यात, गेलेलं परत येईल याचा भरवसा नाही, उरलेलं जपायचं. पायाला मुंगी चावली, खिळा लागला, भाजलं, तरी कळणार नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. अनवाणी चालायचं नाही. गाडी चालवायची नाही. आणि ती कढत पाण्याची बादली आजपासून बंद. पाय वाचले हे तुमचं नशीब, म्हणाल्या.

घरी आल्यावर टबाचे सगळे कॅटलॉग यांनी रद्दीत टाकले. गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली. आणि मग काही केलंच नाही. हे तर घरात स्वस्थ बसलेले मला कधी माहीतच नव्हते, सारखं काहीतरी खोलून ठेवलेलं असायचं. आता खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे, बातम्या लावायचे आणि त्याही बघायचे नाहीत. चौकातल्या ओट्याचं काम अर्धं झालं होतं, गवंड्याला यांनी येऊ नकोस म्हणून सांगितलं. मिक्सर घरघरायला लागला तर म्हणाले, नवा आण. उघडून बघितलासुद्धा नाही.

आधी मला टब येणार म्हणून घोर होता. आता तो येणार नाही म्हणून जीव खालीवर व्हायला लागला. लेक फोनवर म्हणाली, आई, बाबांना वेळ दे. म्हटलं, तू तिकडून बोलतेस, मी इथे रोज या माणसाला खुर्चीत विरताना बघतेय. बोलता बोलता रडायलाच आलं मला. ते कॅनडातलं वाक्य राहून राहून आठवायचं. पाय माझे वाटले म्हणाले होते. आता ते कधीच तसे वाटायचे नाहीत का?

मी डॉक्टरीणबाईंना एकटीने जाऊन विचारलं. टबात बसू द्यायचं की नाही ते सरळ सांगा. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, नसांसाठी काही उपयोग नाही, पण कंबर-गुडघे मोकळे होतील, मन रमेल. पायाला जखम नसेल तरच. पाणी अंगाएवढं कोमट, त्याच्या वर नाही. थोडाच वेळ. आणि पाणी कसं आहे हे त्यांनी ठरवायचं नाही, दुसऱ्या कोणीतरी स्वतः उतरून बघायचं. बाहेर आल्यावर बोटांच्या मधलं कोरडं करून पाय तपासायचे.

दुसरं कोणी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात दुसरी मीच.

यांना मैत्रिणीकडे भजनाला जाते सांगून मी रिक्षा करून त्या शोरूमला गेले. पिशवीत सलवार-कमीजचा जुना जोड घेतला होता. सेल्समनने मला लगेच ओळखलं आणि जरा घाबरलाच. साहेब नाही आले? म्हटलं, साहेबांना घेऊन भांडायला नाही आले, टब घ्यायला आलेय. आणि जी बाई लेकीच्या अंगणात जावयाला लाजून काचेमागे उभी राहिली, ती मी, परक्या माणसांच्या देखत अख्ख्या अंगाने पाण्यात उतरले. कानशिलं तापली होती माझी, पाण्याने नव्हे. एकेका टबात बसून बघितलं. एकाची बैठक इतकी खोल की यांना उठवायला क्रेन लागली असती. एकाच्या पायऱ्या गुळगुळीत. एकाची पाण्याची धार थेट तळपायावर जोरात यायची, तो नाही म्हणून सांगितलं. शेवटी दोघांपुरताच लहानसा घेतला, उथळ, धरायला दांडा असलेला.

मग मी विचारलं की पाणी मी लावीन त्याच्या वर कोणाला तापवता येऊ नये, अशी सोय आहे का. आहे ना, म्हणाला, पॅनेलला कुलूप लागतं, घरात लहान मूल असेल तर लोक घेतात. लहान मूल आहे का घरात?

“एक आहे,” मी म्हटलं.

घरी सांगितलं तेव्हा यांचा पारा चढला. कोणाला विचारून? मी काय आता त्या पाण्यात बसून करू, दगड पण बसेल पाण्यात. मी मुद्दाम वाद घातला नाही. गवंड्याला फोन करून ओटा पूर्ण करून घेतला. यांनी दोन दिवस चौकाकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते तर मागून आवाज आला. हे ओट्यापाशी उकिडवे बसले होते, पायात नवे जाड बूट, हातात स्पिरिट लेव्हल. ओटा एका बाजूला उतरलाय म्हणून गवंड्याला फोनवर झापत होते. मी नळ बंद केला आणि तो आवाज ऐकत तशीच उभी राहिले. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

टब आला त्या दिवशी अख्खी सोसायटी गोळा झाली. तो भिंतीवरून आडवा करून आत घेताना माझा जीव टांगणीला, हे मात्र मजुरांना हातवारे करून डावीकडे-उजवीकडे सांगत होते. वायरिंग यांनी स्वतः उभं राहून करवून घेतलं आणि अर्थिंग मला पुन्हा एकदा समजावलं. या वेळी मी नीट ऐकलं, कारण आता मलाही त्यात बसायचं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाणी भरून तयार झालं. मी आधी उतरले, आकडा बघितला, आकड्यावर विश्वास न ठेवता कोपराने बघितलं, पायाने बघितलं. कोमट. माझ्या आवडीचं, आणि या माणसाने जन्मभर ज्याला नावं ठेवली ते. हे टॉवेल गुंडाळून पायरीशी दांड्याला धरून उभे होते. आत येईनात. मला वाटलं, आता चिडतील, म्हणतील असल्या पाण्यात मी बसत नाही.

“कसं आहे?” यांनी विचारलं. आणि मग, माझ्याकडे न बघता, “विसण किती घालू?”

लग्न झाल्यापासून हा प्रश्न मी विचारायची. मला हसायला आलं. म्हटलं, नको, बरोबर आहे, या. हे हळूच एकेक पायरी बघत, पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनी बघत उतरले आणि समोर बसले. पाणी यांच्या छातीपर्यंत आलं. यांनी डोळे मिटले. तो कॅनडातला चेहरा काही आला नाही. पण खांदे जरा खाली आले.

आता रोज संध्याकाळी आम्ही बसतो. शेजारच्या काकी कुंपणावरून बघतात, बघोत बापड्या. बाहेर आल्यावर मी यांचे पाय मांडीवर घेऊन बोटांच्या फटी पुसते, तळवे उजेडात धरून बघते, आणि हे लाजून दुसरीकडे तोंड करतात. माझी काळजी काही संपली नाही, ती आता रोज एका ठराविक जागी येऊन बसते एवढंच.

परवा हे टबात बसून मला पंपाचं फिल्टर कसं साफ करायचं ते सांगत होते. मी ऐकत होते आणि पाण्याखाली माझा पाय यांच्या पावलावर ठेवला होता. चांगला दाबून ठेवला होता. हे आपले फिल्टरबद्दलच बोलत होते, चेहऱ्यावर काही नाही. मी पाय तसाच ठेवला. मला वाटलं, हा माणूस आता मला या बाजूने कधीच ओळखणार नाही, आणि मी मान वळवून भिंतीवरच्या पुराच्या डागाकडे बघायला लागले.

“पाय ठेवलायस ना माझ्या पायावर?” हे म्हणाले.

मी झटकन मान वळवली. “कळलं तुम्हाला?”

“नाही गं. पाणी स्वच्छ आहे. दिसतंय मला.”

मी पाय काढायला लागले. “राहू दे,” हे म्हणाले, आणि पुन्हा फिल्टरचं सांगायला लागले.